पडून असलेली पद्मिनी : मूळ रूपात ठेवावी की बदलावी?

यवतेश्वरकर
मिरजेजवळ एका शेडमध्ये १९७८ ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. मालक वारले, मुलं पुण्यात, गाडी कुणालाच नकोय. साठ हजार सांगतायत, पन्नासला सुटेल असं वाटतंय. इंजिन हातानं फिरतं, पण चालू होत नाही. मागच्या दाराखालचा पत्रा अंगठ्यानं दाबला तर आत जातो. माझ्या डोक्यात आहे ते असं: पुढे डिस्क ब्रेक, स्टिअरिंगवरचे गिअर काढून जमिनीवरचे, डायनामोच्या जागी अल्टरनेटर आणि जमलं तर मारुतीचं इंजिन. गाडी प्रदर्शनात मांडायची नाही, रविवारी घरच्यांना घेऊन कास-ठोसेघरला जायचंय. वडिलांचं म्हणणं, भंगारात पैसे घालू नकोस. तुम्ही काय म्हणता?

मूळरूप
गाडी जरूर घ्या, पण इंजिनाला हात लावू नका. केंद्रानं २०२१ मध्ये नियम केलेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. तुमची गाडी २०२८ ला त्यात बसेल. अट एवढीच की सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. मारुतीचं इंजिन टाकलंत की विषय संपला. आणि ही कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी आहे हो. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सांगलीत ज्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्यांच्या कंपनीची गाडी सांगलीकरांच्याच गॅरेजात कापायची?

घाटमाथा
मूळरूप, अर्धंच सांगितलंत. व्हिंटेज नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. त्यांना कासला जायचंय आणि तुम्ही त्यांना देव्हारा बांधून देताय!
ब्रेकचं तर बोलूच नका. या गाडीला चारी चाकांना जुने ड्रम ब्रेक. पूर्वी पुढची गाडीही तशीच थांबायची, म्हणून निभावलं. आता यवतेश्वरच्या उतारावर पुढची एसयूव्ही कचकन थांबते, तेव्हा तुमचं मूळ रूप तिच्या डिकीत जाऊन बसेल. उन्हाळ्यात खंबाटकी चढताना तापलेल्या इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून बसायचे लोक, ते पण जपायचं का? डिस्क बसवा, इलेक्ट्रिक पंप बसवा आणि गाडी पळवा.

साधासरळ
त्याच पैशात चांगली सेकंडहँड वॅगनआर येते. एसी पण असतो.

घाटमाथा
साधासरळ, कास पठारावर वॅगनआरसोबत फोटो काढायला कोण थांबतं?

आरसीबुक
आधी कागद बघा. मालक वारलेत, म्हणजे मुलांच्या सहीवर थेट विक्री होत नाही. फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर, मग २९ आणि ३० वर तुमच्या नावावर. नोंदणीचं नूतनीकरण किती वर्षं थकलंय आणि पर्यावरण कर भरलाय का, तेही विचारा. एवढं न करता पन्नास हजार मोजलेत तर घरात शोभेची वस्तू आणलीत असं समजा.
इंजिनाबद्दल: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलंय. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबरच बघणार.

पाना तेरा
गाडी अजून घेतली नाही अन् नंबरप्लेटवर भांडण चाललंय तुमचं.
मी सांगलीत गॅरेजवाला. पहिला प्रश्न, ते शेड २०१९ च्या पुरात होतं का? आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा. मालकाची मुलं नाही म्हणतील, त्यांच्यावर जाऊ नका. मागची सीट उचला, खालच्या खाचेत बोट फिरवा. हेडलाइटची वाटी उघडून बघा. दाराच्या तळाच्या भोकात तार घाला. पिठासारखी तांबूस माती आली तर समजा गाडी बुडालेली. मग वायरिंग सगळं नवीन, त्यात कमीजास्त काही नाही.
दुसरं. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्राच सगळा भार घेतो. तुम्ही अंगठा दाबलात ती दाराखालची पट्टी म्हणजे कणा आहे तिचा. चुंबक न्या, जिथं चिकटत नाही तिथं पुट्टी भरलीय. मग जॅक लावून एक बाजू उचला आणि दार उघडून लावा. अडकलं तर गाडी वाकतेय. असल्या सांगाड्यावर मारुतीचं इंजिन वेल्ड करणारा माणूस भेटेल तुम्हाला, कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. करू देऊ नका.
तिसरं कुणी बोललंच नाही. पेट्रोल. आता पंपावर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतंय, त्यात आपल्या उसाचंही. कारखान्याला बरं, पण १९७८ च्या रबराला ते सोसत नाही. पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचं पॅकिंग सगळं बदला, टाकी उतरवून आतून साफ करा. नाहीतर गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकेल.
आणि घाटमाथा, ड्रमला एवढ्या शिव्या नकोत. लेथवर नीट घासलेला ड्रम, नवे सिलिंडर, नवे होस, की गाडी सरळ धरते. ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते ती दुरुस्ती न केलेली गाडी असते.

घाटमाथा
एकदा धरेल हो. सलग उतारावर तापल्यावर काय?

पाना तेरा
दुसऱ्या गिअरात उतरायचं. इंजिन कशाला आहे?

मूळरूप
पाना तेरा, जमिनीवरच्या गिअरबद्दल पण सांगा त्यांना. स्टिअरिंगवरचे गिअर काढले तर त्या गाडीत उरलं काय?

पाना तेरा
स्टिअरिंगपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या दांड्यांचे बुश झिजले की गिअर अडकतात, म्हणून लोक वैतागून काढतात. बुश बदला, लोण्यासारखे पडतात. पण कुणाला जमिनीवरचे हवे असतील तर मी नाही म्हणणार नाही. प्रीमियरनंच पद्मिनीच्या शेवटच्या एस-वन मॉडेलला दिले होते.

यवतेश्वरकर
रविवारी चुंबक आणि जॅक घेऊन मिरजेला जातोय. इंजिनाचा हट्ट सोडला. डिस्कचा नाही. घरचे बसणार आहेत.

मूळरूप
मग काढलेले ड्रम मला द्या. भंगारवाल्यापेक्षा जास्त देईन.

पाना तेरा
आधी डिस्कला बसणारा चाकाचा हब कुठून आणणार ते सांगा, मग ड्रमचा सौदा करा.