"एकटीच आली का?" – खान्देशात फिल्डवर जाणाऱ्या बायकांचे अनुभव

प्रयोगशाळेतले अनुभव बरेचदा लिहून होतात. इथे बाहेरचे लिहा: बाग, जंगल, डोंगर, पाडे. घरून निघताना काय झालं, तिथे पोचल्यावर काय झालं, हाती काय लागलं. सल्ले नकोत. माणसांची आणि संस्थांची नावं नकोत.

रावेर, वनस्पती रोगशास्त्र
माझा विषय केळीवरचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणूजन्य रोग, म्हणजे आपल्याकडचा हरण्या. मावा ही कीड हा रोग पसरवते आणि काकडी, भोपळा, मिरचीवरही विषाणू टिकून राहतो, त्यामुळे बागेइतकाच बांध बघावा लागतो. पावसाळ्यातल्या ढगाळ हवेत रोग जास्त, म्हणून नमुने चिखलातच घ्यायचे. कोवळं पान कापायचं, पिशवीवर खूण करायची, बर्फाच्या डब्यात टाकायचं. केळीच्या चिकाने सगळे ड्रेस गेले. आई म्हणायची, "मजुरीच करायची होती तर एवढं शिकलीस कशाला?" मी समोर उभी असले तरी बागमालक सरांशीच बोलायचे. पण पहिलं झाड कुठलं पिवळं पडलं, तेव्हा शेजारच्या वावरात काय होतं, हे निंदायला येणाऱ्या बायांनी सांगितलं. मालकाला आठवत नव्हतं. ऋणनिर्देशात त्या बायांची नावं घातली तर सरांनी विचारलं, "या कोण?"

शहादा, पक्षी
रानपिंगळा या छोट्या घुबडाची १८८४ नंतर खात्रीची नोंदच नव्हती. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना तो आमच्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मायनर्टझहागेन नावाच्या संग्राहकाने चोरलेल्या नमुन्याला १९१४ ची खोटी चिठ्ठी लावून ठेवली होती, त्यामुळे आधी शोधणारे भरकटले. पामेलाबाईंनी ती लबाडी उघडी पाडली आणि मग जुन्या खऱ्या नोंदी धरून इकडे आल्या. शाळेत असताना हे ऐकलं तेव्हाच माझं ठरलं.

हा पिंगळा बहुतेक दिवसा हिंडतो, शिकारही करतो. घरी एकच प्रश्न होता, "रात्री थांबावं लागेल का?" नाही म्हटल्यावर वडिलांनी होकार दिला. साधं निशाचर घुबड असतं तर मी आज बँकेत असते.

साक्री, भूशास्त्र
धुळे-नंदुरबारकडे बेसाल्टचे डाइक, म्हणजे भेगेत लाव्हा थिजून झालेल्या खडकाच्या भिंती, माळावर लांबच लांब, बरेचसे पूर्व-पश्चिम गेलेले दिसतात. हातोडा घेऊन त्यांच्या कडेने चालत गेलं की गुराखी विचारणार, "सोनं धुंडी राह्यनी का व?" आणि शेतकरी विचारणार, पाणी कुठे लागेल? हा दुसरा प्रश्न खरा आहे. डाइक भूजलाची वाट अडवू शकतो, त्याच्या एका अंगाला विहीर चालते आणि दुसऱ्या अंगाला कोरडी जाते.

पण मला लिहायचंय ते लघवीबद्दल. उघडा माळ, आडोसा नाही, सोबत सगळे मुलगे. मी सकाळपासून पाणीच पीत नसे. मेमध्ये, चाळीसच्या वर पारा असताना! जळजळ, ताप, औषधं, पुन्हा तेच. सहलीच्या यादीत होकायंत्र होतं, भिंग होतं, हे कोणी लिहिलं नव्हतं. आता मी मुलींना नेते. जीपमध्ये एक जुनं लुगडं आणि दोन काठ्या असतात.

धडगाव, सिकलसेल
सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. बोटाला टोचून आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी. पॉझिटिव्ह आली की माणूस नुसता वाहक आहे की आजारी, हे इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या तपासणीत कळतं. अवघड असतं ते नंतरचं. लेकरू आजारी निघालं की दोष सुनेवर. दोष आईबाप दोघांकडूनही आला तरच तसं लेकरू होतं, आणि दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला ती शक्यता २५ टक्के. हे ओसरीवर पुरुषांना सांगितलं तर माना डोलतात. चुलीपाशी सासूला सांगितलं की ती उलट विचारते, "म्हणजे माझ्या पोराचंही रक्त तपासायचं?" तिथे माझ्या पुरुष सहकाऱ्याला जाता येत नाही.

जळगाव, निवृत्त प्राध्यापिका
जळगावला विद्यापीठ १९९० मध्ये झालं. त्याआधी आम्ही पुणे विद्यापीठाच्या. साध्या सहीलाही पुणं, मग मामाकडे मुक्काम, मग मामींचे टोमणे. बाकीचं तुम्ही लिहिलंयच.

नंदुरबार, एमएस्सी दुसरं वर्ष
मला तोरणमाळच्या औषधी वनस्पतींवर काम करायचंय. संध्याकाळची एसटी चुकली तर राहायचं कुठे?

(शहादावाली) आधी वनखात्याची लेखी परवानगी काढ, त्याशिवाय पानही तोडू नकोस. मुक्कामाचं तिथल्या आशाताईंना, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेला विचार, पाड्यावर त्यांची ओळख असते. परवानगीच्या दोन झेरॉक्स जवळ ठेव, एक नाक्यावर ठेवून घेतात.