घरचा जुना संगणक: विंडोज सोडून लिनक्स घ्यावे का?

मूळ मत (खानापूर)

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट बंद झाले आणि आमच्या घरचा २०१७ सालचा संगणक एका रात्रीत म्हातारा ठरला. प्रोसेसर सातव्या पिढीचा असल्यामुळे तो विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. एरवी त्यात काडीचाही बिघाड नाही. बेळगावच्या दुकानदाराने ‘नवाच घ्या’ असे सुचवले. मी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्यापेक्षा खूप वेगवान डिस्क) बसवली, विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली आणि चार जीबी रॅमवर तोच संगणक आता विनातक्रार चालतो आहे.

पैसे वाचले, हे खरे. पण मला महत्त्वाचा वाटतो तो कळफलक. आमच्याकडे मुलीला शाळेसाठी कन्नड लागते आणि मला पत्रव्यवहारासाठी मराठी. लिनक्समध्ये मी इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कळफलक-मांडणी सुरू केली; तीत दोन्ही लिप्यांची अक्षरे बहुतांशी त्याच कळांवर असतात: ‘के’च्या कळीवर दोन्हीकडे क, ‘जे’वर र, ‘एन’वर ल आणि शिफ्ट दाबून ळ. एकदा बोटांना सवय झाली की फक्त भाषा बदलायची. म्हणून सीमाभागातल्या मराठी घरांनी जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी लिनक्स निदान पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले उत्तर (चिकोडी)

सर, आपल्या लेखात श्रेय चुकीच्या माणसाला गेले आहे. संगणक पळतो आहे तो मुख्यतः एसएसडीमुळे. तीच डिस्क घालून विंडोज १० ठेवले असते तरी आपल्याला असाच फरक जाणवला असता. इनस्क्रिप्ट तर विंडोजमध्ये कितीतरी वर्षांपासून आहे, आपण ते सुरू केले नव्हते इतकेच. शिवाय घरगुती ग्राहकांना नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सिक्युरिटी अपडेट मिळण्याची सोय आहे, तिचा आपण उल्लेखही केलेला नाही.

दुसरे उत्तर (उद्यमबाग, बेळगाव)

मी मशीन शॉपमध्ये ड्रॉइंगचे काम करतो. फौंड्रीकडून येणारी फाइल डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमची असते आणि ऑटोकॅड लिनक्सवर चालत नाही. पर्यायी प्रोग्रॅममध्ये ती फाइल उघडते, हे मला मान्य आहे. पण एखादे माप किंवा टॉलरन्सची (मापात चालणाऱ्या फरकाची) खूण जागेवरून हलली आणि त्याप्रमाणे पन्नास नग कापले गेले, तर ते नुकसान कोण सोसणार? हिशेबाच्या टॅली प्रोग्रॅमचीही तीच गत. ‘वाइन’वर (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्समध्ये चालवण्याची सोय) ते चालवून दाखवणारे भेटतात, मात्र मार्चअखेरीस अडचण आली की त्यांतला एकही फोन उचलत नाही. ‘हा तर घरच्या संगणकाचा विषय आहे’ असे आपण म्हणाल. आमच्यासारख्यांच्या घरात संगणक एकच असतो. दिवसा माझे काम, रात्री मुलांचा अभ्यास. घरचा आणि कामाचा हा भेद दोन संगणक परवडणाऱ्यांनी करावा.

तिसरे उत्तर (निपाणी)

मी लिनक्सच्या बाजूने आहे, परंतु खरी अडचण अजून कोणीच मांडलेली नाही. आमच्या गल्लीतल्या मंडळाचे कित्येक वर्षांचे जमाखर्च आणि इतिवृत्ते युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरसंकेत-पद्धत रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेली आहेत. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली तर मराठीच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांचा काला दिसला. फाँटची फाइल आमच्याकडे होती, ती लिनक्समध्ये बसवल्यावर मजकूर वाचता येऊ लागला; मात्र त्यात शोध चालत नाही, कारण संगणकाच्या लेखी ती अजूनही रोमन अक्षरेच आहेत. युनिकोडमध्ये रूपांतर करताना तर ऱ्हस्व वेलांटीने जीव खाल्ला. जुन्या फाँटात ती अक्षराच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते, त्यामुळे जोडाक्षर आले की ती भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. अर्थात हा दोष लिनक्सचा नव्हे. विंडोजवर राहिलो असतो तरी हे काम कधीतरी करावेच लागले असते. केवळ जुना फाँट समोर होता म्हणून ते झाकले गेले होते.

मूळ लेखकाचे उत्तर

एसएसडीचा मुद्दा मान्य. इनस्क्रिप्टचाही मान्य, आणि तो मला थोडा झोंबलाही. वाढीव मुदत मात्र वर्षभराचीच आहे. ती संपली की दुकानदार पुन्हा तेच सांगणार. मिंटची मी घेतलेली २२ ही आवृत्ती २०२९ पर्यंत अपडेट देणार आहे, आणि त्यानंतरची आवृत्ती घेतानाही ‘तुमचा प्रोसेसर कितव्या पिढीचा’ असा प्रश्न समोर येईल असे मला वाटत नाही.

उद्यमबागेच्या बंधूंना मी विंडोज काढा असे म्हणणार नाही. ज्याचे पोट एका विशिष्ट प्रोग्रॅमवर आहे त्याने तो सोडू नये, हे माझ्या मूळ लेखात यायला हवे होते. माझ्याकडेही सारे सुरळीत नाही: जुन्या लेझर प्रिंटरसाठी दोन संध्याकाळी खर्ची पडल्या आणि अखेर छपाई शेजाऱ्यांकडे करून घ्यावी लागली. तरीही उद्यमबागेच्या बंधूंच्या घरी रात्रीच्या अभ्यासासाठी दोन्ही प्रणाली एकाच यंत्रात ठेवता येतील. तसे करायचे असल्यास ड्रॉइंगच्या सर्व फाइलींची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की (ते कुलूप उघडण्याचा लांब क्रमांक) कागदावर उतरवून ठेवावी. पार्टिशनला (डिस्कच्या विभागणीला) हात त्यानंतरच लावावा.