हायवेवरचं स्पीडचं चलन कोर्टात लढवायचं तर (अनुभव धागा)

उगाच_वकील
लोकअदालतीचे एसएमएस परत सुरू झालेत, "आपल्या वाहनावर प्रलंबित ई-चलन" वाले. ते वाचून मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर पुलाच्या सावलीत इंटरसेप्टर (पोलिसांची वेग मोजणारी गाडी) उभी असायची ते दिवस आठवले. तेव्हा निदान समोर माणूस असायचा, हुज्जत घालता यायची. आता कमानीवरचा कॅमेरा आणि थेट २००० चा मेसेज.

सुरुवात मी करते, भर तुम्ही घाला.

लोकअदालत म्हणजे तडजोड. तिथे "मी स्पीडमध्ये नव्हतो" हे कुणी ऐकत बसत नाही. लढायचं असेल तर तिथे पैसे भरू नका. एकदा तडजोड झाली की निवाड्यावर अपील नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८३, वेगाचं. कार, जीप म्हणजे एलएमव्हीला दंड किमान १०००, कमाल २०००. मध्यम आणि जड गाड्यांना २००० ते ४०००. म्हणजे कारची केस हरलात तरी पहिल्या वेळी दंड २००० च्या वर जात नाही. "कोर्टात गेलात तर दहा हजार लागतील" असं सांगणाऱ्यांना १८३ उघडून दाखवा. खर्च होतो तो खेपांवर.

त्याच कलमाचं पोटकलम ३ पाठ करा. एका साक्षीदाराला "वाटलं गाडी जोरात होती" एवढ्यावर शिक्षा होत नाही. अंदाजामागे यंत्राचं मोजमाप लागतं. म्हणजे सगळी लढाई यंत्राच्या कागदांवर.

मावळचा_वारा
आधी चलनाची पीडीएफ उतरवा, नुसता एसएमएस बघून तावातावाने बोलू नका. फोटो मोठा करून बघायचं: नंबर प्लेट पूर्ण वाचता येते का (३ चा ८ झालेली कितीतरी चलनं निघतात), गाडीचा रंग-मॉडेल तेच का, एकाच फ्रेममध्ये दोन गाड्या आहेत का, मर्यादा किती धरलीय. एक्सप्रेसवेवर कारला सरळ पट्ट्यात १००, घाटात ६०. समृद्धीवर १२०. ठिकाणाच्या रकान्यात किमी आणि दिशा लिहिलेली नसेल तर १०० धरायची की ६० यावरच वाद आहे.

खोपोलीकर
घाट सुरू होतो तिथला बोर्ड ट्रकच्या आड जातो हो. तो फोटो काढून ठेवा. पण गाडी चालवताना नको, त्याचं वेगळं चलन येईल 😄

आकडेमोड
नव्या यंत्रणेत सरासरी वेगही मोजतात, ते लोकांना कळत नाही. दोन कमानींमधलं अंतर भागिले वेळ. १० किमीला ६ मिनिटं लागली तर १००, ५ मिनिटांत पार केलंत तर १२०. कॅमेरा दिसला की ब्रेक, मग परत दामटायचं, ही युक्ती इथे चालत नाही.

असं चलन असेल तर मागायच्या गोष्टी वेगळ्या: दोन्ही कमानींची वेळ सेकंदासकट, दोघींमधलं मोजलेलं अंतर, आणि दोन्हींची घड्याळं एकमेकांशी जुळवलेली असल्याची नोंद. १० किमीला १० सेकंदांचा फरक म्हणजे १०० च्या आसपास जेमतेम ३ किमीचा फरक. त्यामुळे १०४ वाल्याने घड्याळावर बोलावं, १३८ वाल्याने गप्प बसावं.

सौ_टोलनाका
आमच्याकडे मत असं की २००० भरा आणि जेवायला या.

उगाच_वकील
@सौ_टोलनाका ताई, हिशोब बरोबर आहे. पण एकाच गाडीवर अशी पाच-सहा चलनं असली की हिशोब फिरतो 🙂

पट्टेवाला_पुकारा
आता कोर्टाकडे या. चलन फाडलं तिथल्या हद्दीचं कोर्ट. खोपोलीच्या बाजूला असेल तर खालापूर, मावळात असेल तर वडगाव. ठाण्यात राहता म्हणून ठाण्यात चालणार नाही.

पहिली पायरी महाट्रॅफिकवर (वाहतूक पोलिसांचं ई-चलन पोर्टल) तक्रार. आरसी, गाडीचे पुढून-मागून फोटो, चार ओळींत कारण. बनावट नंबर, चुकीची प्लेट, विकलेली गाडी ही प्रकरणं इथेच सुटू शकतात. "मी ९५ ला होतो" हे इथे सुटत नाही.

केस व्हर्च्युअल (ऑनलाइन) कोर्टात गेली असेल तर गाडीच्या नंबरावर दिसते. तिथे दोन पर्याय: दंड भरतो, किंवा केस लढवतो. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर येतो, तो नंबर जुना असेल तर आधी परिवहन पोर्टलवर बदला. "लढवतो" दाबलं की केस नेहमीच्या कोर्टाकडे जाते.

तारखेला सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघा, अनुक्रमांक लिहून घ्या, पुकारा झाला की पुढे व्हा. साहेब विचारतील, "गुन्हा कबूल आहे का?" तिथे "साहेब, मी खरं तर घाईत..." असं सुरू करू नका, ती कबुलीच धरली जाते. "गुन्हा नाकबूल" एवढे दोन शब्द. लगेच कागदपत्रांच्या नकलांचा लेखी अर्ज द्या, त्यावर निशाणी (कोर्टाच्या नोंदीचा क्रमांक) पडू द्या. बाहेर आल्यावर आठवलेला मुद्दा काही कामाचा नाही.

नाशिकची_मैना
नकलांच्या अर्जात नेमकं काय मागायचं ते लिहा ना कुणीतरी. दूध उतू चाललंय, नंतर वाचते.

उगाच_वकील
मैना, घे. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७ अ, ऑगस्ट २०२१ पासूनचा. त्यातून मागायचं:
यंत्राचं मंजुरी प्रमाणपत्र, ते दरवर्षी नवं करायचं असतं, म्हणून घटनेच्या तारखेला चालू होतं का ते बघ. कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी सूचनाफलक होता का. नोटीस १५ दिवसांत निघाली का. मोजलेला वेग दाखवणारा मूळ फोटो, स्क्रीनशॉट नव्हे. आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, पूर्वी ६५ ब म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. त्यात भाग अ, भाग ब आणि हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा) लागते.

नोटीस उशिरा आली म्हणून चलन आपोआप रद्द होत नाही, मुद्दा म्हणून मांडायची. प्रमाणपत्र नसणं हा मात्र जड मुद्दा.

कॅलिब्रेशन_काका
हातातली स्पीडगन असेल तर लेझर की रडार ते आधी विचारा. लेझरचा झोत बारीक, एका गाडीवर नेम धरता येतो. रडारचा पसरतो, शेजारच्या लेनमधला कंटेनर किंवा ओव्हरटेक करणारी गाडी मोजली जाऊ शकते. उलटतपासात विचारायचं ते हेच: झोतात आणखी कोणती वाहनं होती, अंतर किती, कोन किती.

कोनाबद्दल एक. गाडी सरळ समोरून न येता तिरकी आली तर गन वेग *कमी* दाखवते. त्यामुळे "कोन चुकीचा होता" म्हणालात तर स्वतःच्याच पायावर धोंडा.

रडार गनला १ जुलै २०२५ पासून वैध मापनशास्त्राची पडताळणी आणि मुद्रांकन लागतं, वजनकाट्यासारखं. त्यानंतरचं चलन असेल तर तेही प्रमाणपत्र मागा.

डॅशकॅमवाला
माझ्याकडे जीपीएसचं फुटेज आहे, झालं ना काम?

कॅलिब्रेशन_काका
@डॅशकॅमवाला नाही झालं. कलम ६३ तुम्हालाही लागू. मेमरी कार्ड जपा, क्लिप कापू नका, प्रमाणपत्र जोडा. व्हॉट्सअॅपवरून आलेली क्लिप कुणी हातात धरणार नाही.

बे_एरियातून
इकडे कॅलिफोर्नियात हजर न राहता लेखी लढता येतं. टीआर-२०५ फॉर्म, दंडाची रक्कम आधी अनामत भरायची. अधिकाऱ्याने उत्तर दिलं नाही तर बऱ्याचदा सुटतं. हरलात तर निकाल पोस्टात पडल्यापासून २० दिवसांत टीआर-२२० भरून नव्याने सुनावणी. पण फ्रीवेच्या ६५ मैलांच्या कमाल मर्यादेवर "मर्यादा ठरवणारा रस्त्याचा सर्व्हे जुना आहे" हा बचाव चालत नाही, लोक तिथेच फसतात. खरी भीती लायसन्सवर पडणाऱ्या पॉइंटची, त्याने इन्शुरन्स वाढतो.

खोपोलीकर
@बे_एरियातून पोस्टाने सुटका! इथे तारीख घ्यायला जायचं तरी सुट्टी टाकावी लागते 😭

पट्टेवाला_पुकारा
@खोपोलीकर वकालतनामा द्या, प्रत्येक तारखेला स्वतः जावं लागत नाही. कलम २०८ च्या समन्समध्येही वकिलामार्फत हजर राहायची सोय आहे.

पिकअप_मालक_संघ
ड्रायव्हर लोकांसाठी. मालकाने "चार तासांत माल पोचव" असं ठरवून दिलं असेल आणि वेग मोडल्याशिवाय ते जमणारच नसेल, तर १८३(४) प्रमाणे तो आदेशच मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा. ट्रिपशीट आणि मेसेज जपून ठेवा. (मी मालक आहे, तरी सांगतोय.)

आकडेमोड
ज्यांचा नंबर दुसऱ्याच गाडीवर लावलाय त्यांनी फास्टॅगचं स्टेटमेंट काढा. त्यात टोलवर टॅग वाचल्याची वेळ आणि पैसे कापल्याची वेळ वेगळी असते, वाचल्याची धरा. चलनाच्या वेळी गाडी कोल्हापूरच्या वाटेवर होती हे त्याहून स्वच्छ कशाने दिसत नाही. आणि पोलिसात तक्रार द्याच, उद्या त्या नंबरावर अपघात झाला तर?

नाशिकची_मैना
आले. दूध वाचलं. जुनी चलनं? ३ वर्षांपूर्वीची दिसतायत.

उगाच_वकील
फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला ६ महिन्यांची मुदत, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८, आता बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ५१४. त्यात केस दाखल झालीच नसेल तर हा मुद्दा पहिल्याच तारखेला लेखी घे. विलंब माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, म्हणून गृहीत धरू नकोस. आणि पोर्टलवरचं चलन आपोआप पुसलं जात नाही. गाडी विकताना आरटीओत तेच आडवं येतं.

सौ_टोलनाका
वडगाव कोर्टाजवळ चांगला चहा कुठे मिळतो तेवढं सांगा, ह्यांची तारीख आहे.