मदत हवी आहे: कम्युनिटी रेडिओवर फोनच येत नाहीत

पाणक्या: लवकर सुचवा मंडळी. आमच्या केंद्रावर नळपाणी योजनेचा थेट फोन-इन कार्यक्रम सुरू केलाय. सहा भाग झाले, फोन शून्य. शुक्रवारी संस्थेच्या बैठकीत 'लोकसहभाग किती?' हेच विचारणार आहेत. काय करू?

खरखर: ट्रान्समीटर ५० वॅटचा की १००? अँटेना किती उंच? मध्ये डोंगर असेल तर पलीकडे नुसती खरखर. आणि हल्लीच्या मोबाइलवर एफएम लावायला वायरचा इअरफोन लागतो, तोच अँटेनाचं काम करतो. तो कितीजणांकडे आहे?

पाणक्या: ऐकू जातं हो. भजनांच्या फर्माइशीला फोन थांबत नाहीत!

डिजिटलदादा: रेडिओ कोण ऐकतं आता? व्हॉट्सॲप ग्रुप काढा. आमच्या सोसायटीत पाण्याचा प्रश्न दोन दिवसांत सुटला.

रानजाई: दादा, गावात फोन ज्याच्या खिशात, तो हंडा उचलत नाही. पाणक्या, कार्यक्रम किती वाजता असतो?

पाणक्या: सकाळी ११.

रानजाई: म्हणजे बाया रानात.

पाणक्या: चार भागांनंतर रात्री ८ केला. तरी नाही.

मी_शिकाऊ: मलाही गावात रेडिओ काढायचाय. लायसन्सला किती खर्च येतो?

जुनेखोड: एकट्याला मिळत नाही. ना-नफा संस्था लागते, तीही किमान तीन वर्षं जुनी. २००६ पर्यंत तर फक्त शिक्षणसंस्थांनाच द्यायचे. पाणक्या, तुम्हीही जपून. स्वतःच्या बातम्या चालत नाहीत, आकाशवाणीच्याच लावता येतात.

खरखर: नळाला पाणी येत नाही ही बातमी कधीपासून झाली? आलं तर बातमी.

जुनेखोड: चेष्टा सुचतेय. नोटीस आली की कळेल.

रानजाई: भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. पाणक्या, स्टुडिओत कोण कोण बसतं?

पाणक्या: मी, ग्रामसेवक आणि सरपंच. उत्तर द्यायला कुणीतरी हवंच ना. फोन करणाऱ्याने आधी नाव आणि वस्ती सांगायची, एवढंच.

रानजाई: अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं! ज्याच्याकडून दाखला घ्यायचा त्याच्याच तोंडावर नाव सांगून तक्रार कोण करेल? तेलंगणातल्या झहीराबादजवळचा संघम रेडिओ २००८पासून दलित बायकाच चालवतात. शेतकरी बाई बोलते आणि माइक धरणारीही तिच्यातलीच. तुम्ही मात्र चावडी भरवून बसलात. रेकॉर्डर घेऊन नळावर जा. नाव विचारू नका. साहेबांना पुढच्या भागात उत्तराला बोलवा.

जुनेखोड: बिननावाच्या तक्रारीत कुणीही काहीही बोलेल.

रानजाई: म्हणून तर वेळ आणि हंडे मोजून घ्यायचे.

पाणक्या: आज पहाटे साडेपाचला गेलो होतो. चौदा मिनिटं रेकॉर्ड झालं, त्यातली निम्मी भांड्यांची आदळआपट. एक आजी म्हणाल्या, "तिसरा हंडा अर्धा झाला की पाणी जातं, रोज." नेमकं तेव्हाच गेलं, नळ फुरफुरलेला स्पष्ट आलाय. पण ग्रामसेवकांना आधी ऐकवू की थेट लावू?

रानजाई: आधी ऐकवा. त्यांना व्हॉल्व्हमनला विचारून यायला एक दिवस द्या. आजींना मात्र विचारलंत ना, आवाज लावू का म्हणून?

पाणक्या: नाही. संध्याकाळी जातो.

खरखर: जाताना माइकला फोम लावा, वारा भरतो.

मी_शिकाऊ: खर्चाचं राहिलंच.