गोळावलीचे वाघ आणि वाड्यावरची म्हैस

'गवळ्यांना डोंगरावरून खाली आणा, वाघ आपोआप वाचतील' असं कुणीतरी म्हटलंय. इतकं सोपं नाही हो. गोव्यातलं म्हादई अभयारण्य झालं १९९९ मध्ये, धनगर-गवळ्यांचे वाडे, म्हणजे डोंगरातल्या वस्त्या, त्याच्या कितीतरी आधीपासूनचे.

जानेवारी २०२० मध्ये याच अभयारण्यातल्या गोळावलीत चार वाघ विषबाधेने मेलेले सापडले, काही गवळ्यांना अटकही झाली. विष घालणं गुन्हाच, त्यात दुमत नाही. पण वाघाने दुभती म्हैस मारली की काय होतं, ते वाळपईकडच्या एका वाड्यावर मी पाहिलंय. म्हातारी रिकामं दावं हातात धरून कुडाला टेकून बसलेली. पंचनामा होईपर्यंत मढं हलवायचं नाही, म्हणून दोन दिवस तो वास. भरपाई आली पुढच्या पावसात, तीही अर्धीमुर्धी. (हीच माणसं वाघ्रो या व्याघ्रदेवाला नारळ ठेवतात बरं का!)

२०२३ मध्ये उच्च न्यायालयाने इथे व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं, तेव्हा त्याच म्हातारीने मला विचारलं, "मग म्हशी चरायला न्यायच्या कुठे?" मला काही सांगता आलं नाही.