मुलांची भाषा आणि एकाग्रता वाढवणारी ॲप : वर्गणी भरण्याआधी काय पाहावे?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

आमचा मुलगा साडेचार वर्षांचा असून जूनपासून तो इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणार आहे. सध्याच्या बालवाडीतील ताईंचे म्हणणे असे की, गोष्ट चालू असताना तो मध्येच उठून जातो, सगळ्यांना दिलेली सूचना त्याला जवळ जाऊन पुन्हा सांगावी लागते आणि बरोबरीच्या मुलांच्या मानाने त्याची वाक्ये तोकडी असतात. घरी मात्र तो गाड्यांची रांग लावून बराच वेळ एकटा रमतो, त्यामुळे त्याचे लक्षच लागत नाही हे आम्हांला पूर्णपणे पटलेले नाही. दरम्यान एका नातेवाइकांनी एक ॲप सुचवले. रोज थोडा वेळ खेळल्याने भाषा, स्मरणशक्ती आणि एकाग्रता वाढते, अशी त्याची जाहिरात आहे. त्यातील मोफत चाचणीनंतर मुलाची एकाग्रता वयाच्या मानाने कमी असल्याचा अहवाल आला आणि त्याला लागूनच वर्षभराची वर्गणी भरण्याचे पान उघडले. ती रक्कम आमच्या दृष्टीने लहान नाही.

अशा ॲपचा उपयोग होतो याला काही भक्कम पुरावा आहे का? मराठीतून काही चांगले उपलब्ध आहे का? शिवाय आता घरीही त्याच्याशी इंग्रजीतूनच बोलावे, असा आग्रह काही जण धरत आहेत. तो कितपत योग्य आहे?

वाचा_श्रवण यांचे उत्तर

मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. ताई, ॲपचा विचार करण्याआधी मुलाचे कान तपासून घ्या. सगळ्यांना मिळून सांगितलेले त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि जवळ जाऊन सांगितलेले पोहोचते, ही बालवाडीतील ताईंची नोंद मला त्या अहवालापेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते. या वयात वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहू शकते. त्यात बहुतेक वेळा कान दुखत नाही, तापही येत नाही, फक्त ऐकू येणे मंदावते आणि तेही कधी कमी तर कधी जास्त असते. घरात समोर बसून बोललेले मुलाला कळते, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. वर्गाच्या गलबल्यात मात्र गोष्टीचा धागा त्याच्या हातून सुटतो आणि तो उठून जातो. तुमच्या मुलाचे असेच असेल असे मी येथे बसून म्हणू शकत नाही, पण कान-नाक-घसा तज्ज्ञांकडील तपासणी आणि ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येते याचे यंत्राने केलेले मोजमाप, झाल्याशिवाय एकाग्रतेवर चर्चा करण्यात अर्थ नाही.

कान ठीक असल्याचे कळले तर भाषेचे रीतसर मूल्यमापन करून घ्यावे, आणि ते करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे याची खात्री करावी. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाचा व श्रवण संस्थेत ही सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांचे कामही हेच आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयात चौकशी करायला हरकत नाही. ॲपमधील चाचणीचा अहवाल मात्र बाजूला ठेवावा. ती चाचणी मराठी घरातील साडेचार वर्षांच्या मुलांवर पडताळून पाहिलेली आहे का, हे तेथे कोठेही लिहिलेले नसते, आणि चाचणी घेणारा व वर्गणी मागणारा एकच असेल तर निष्कर्ष कोणत्या बाजूला झुकेल हे वेगळे सांगायला नको.

आता पुराव्याविषयी. 2003 साली बाळांच्या भाषाशिक्षणाच्या संशोधक पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर ती भाषा बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळली आणि वाचत राहिली, तर काहींना त्याच व्यक्तीचे ध्वनिचित्रमुद्रण दाखवले गेले. प्रत्यक्ष सहवास मिळालेल्या बाळांना त्या भाषेतील ध्वनींमधला फरक ओळखता आला. पडद्यावर पाहिलेल्या बाळांच्या पदरात काहीच पडले नाही. पुढे 2010 साली ज्युडी डीलोश यांनी बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांना चार आठवडे शब्द शिकवणारी डीव्हीडी दाखवून पाहिली. ती न पाहिलेल्या मुलांपेक्षा या मुलांना अधिक शब्द आले नाहीत. सर्वाधिक शब्द आले ते ज्यांच्या आईवडिलांना शब्दांची यादी देऊन, दिवसभराच्या व्यवहारात ते जमतील तसे वापरा, एवढेच सांगितले होते त्या मुलांना. तुमचा मुलगा या बाळांहून मोठा आहे आणि मोठी मुले पडद्यावरून काही शब्द शिकतात, हे मान्य आहे. परंतु वाक्य लांबवायचे असेल तर मुलाने काही म्हणावे, समोरच्याने ते पकडून थोडे वाढवावे आणि पुन्हा मुलाची वाट पाहावी, असे बरेच व्हावे लागते. मूल ‘गाडी पडली’ म्हणाले की ‘हो, लाल गाडी पलंगाखाली पडली, आता कशी काढायची?’ असे म्हणून थांबणारे ॲप मला अद्याप भेटलेले नाही. तेथे मुलाने बोट लावले की टाळ्या वाजतात आणि पुढचे चित्र येते.

खास भाषेत मागे पडलेल्या मुलांसाठी बनवलेल्या ‘फास्ट फॉरवर्ड’ या संगणकीय कार्यक्रमाची कथाही बोधप्रद आहे. 2008 साली रोनाल्ड गिलम यांच्या गटाने 216 मुलांवर त्याची चाचणी घेतली, तेव्हा तो कार्यक्रम, दुसरे भाषाविषयक संगणकीय खेळ, उपचारतज्ज्ञांची प्रत्यक्ष शिकवणी आणि सर्वसाधारण शालेय विषयांचे खेळ अशा चारही गटांतील मुले जवळजवळ सारखीच सुधारली. म्हणजे मुलांची प्रगती झाली, पण ज्या खास तंत्रासाठी पैसे मोजायचे त्या तंत्रामुळे ती झाली असे दाखवता आले नाही.

घरातील भाषेबद्दल एवढेच की मराठी बदलू नका. दोन भाषा कानावर पडल्याने मूल मागे पडत नाही. उलट ज्या भाषेत तुम्हांला रागावता, चेष्टा करता आणि गोष्ट रंगवता येते, ती सोडून अवघडलेल्या इंग्रजीत बोलू लागलात तर त्याला मिळणारी भाषाच कमी होईल.

मानसशास्त्राचा_मास्तर यांचे उत्तर

वरील उत्तरात एकाग्रतेची बाजू राहिली आहे, तेवढी भरून काढतो. फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी 2015 मध्ये ‘जंगल रेंजर्स’ या मुलांच्या संगणकीय खेळाच्या निर्मात्यांवर कारवाई केली होती. या खेळाने मुलांची एकाग्रता, स्मरणशक्ती आणि शालेय कामगिरी कायमची सुधारते, या जाहिरातीला शास्त्रीय आधार नसल्याचा ठपका होता. पुढच्याच वर्षी ‘ल्युमॉसिटी’ या बुद्धीच्या खेळांच्या ॲपच्या कंपनीने अशाच दाव्यांबद्दल 20 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. तुम्ही उद्धृत केलेल्या जाहिरातीची भाषा यापेक्षा फारशी वेगळी नाही.

यामागील अडचण समजून घेण्याजोगी आहे. मूल एखादा स्मरणाचा खेळ रोज खेळले तर त्या खेळात आणि त्याच्यासारख्या दुसऱ्या खेळांत ते नक्कीच तरबेज होते, आणि ॲपमधील आलेख वर चढताना दिसतो तो याच कारणाने. मात्र ते कौशल्य वर्गात गोष्ट ऐकण्यापर्यंत किंवा वाचनापर्यंत पोहोचते का, हा खरा प्रश्न आहे. 2013 साली मोनिका मेल्बी-लेर्व्होग आणि चार्ल्स ह्यूम यांनी कार्यस्मृतीच्या, म्हणजे माहिती थोडा वेळ मनात धरून वापरण्याच्या क्षमतेच्या, प्रशिक्षणावरील 23 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सराव केलेल्या प्रकारच्या कामांत तात्पुरती वाढ दिसली, पण वाचन, गणित किंवा लक्ष यांच्यापर्यंत ती पोहोचल्याचे आढळले नाही.

याला अपवाद म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून 2020 मध्ये मान्यता दिलेल्या ‘एंडेव्हर आरएक्स’ या खेळाचे नाव तुमच्या कानावर घातले जाईल. तो आठ ते बारा वर्षांच्या, एडीएचडीचे (लक्ष टिकत नाही आणि चंचलता जास्त असते अशा अवस्थेचे) निदान झालेल्या मुलांसाठी होता आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीने दिला जाई. नंतर वयोमर्यादा वाढवली गेली. त्याच्या मुख्य चाचणीत 348 मुले होती आणि संगणकावर मोजलेल्या अवधानात फरक पडला, हे खरे. पण पालकांनी नोंदवलेली लक्षणे त्या गटात आणि साधा शब्दखेळ खेळलेल्या गटात सारखीच कमी झाली. इतक्या काळजीपूर्वक तपासलेल्या खेळाची ही स्थिती असेल, तर साडेचार वर्षांच्या, कसलेही निदान न झालेल्या मुलासाठी केलेला दावा मी तरी मानणार नाही.

आणखी एक. गाड्यांची रांग लावून मूल स्वतःहून बराच वेळ रमते, याला मी महत्त्व देतो. त्या वेळी त्याचे लक्ष कोणी ओढून धरलेले नसते, ते त्याने स्वतः टिकवलेले असते. झगमगाट आणि बक्षिसे यांच्या जोरावर पडद्याला खिळलेले मूल एकाग्र दिसते, परंतु त्यातले बरेचसे काम त्या पडद्याचे असते.

दोघींची_आई यांचे उत्तर

मला वरील सूर थोडा एकांगी वाटतो. माझ्या थोरल्या मुलीला अक्षरांची गोडी ॲपमुळेच लागली आणि आम्ही दोघे नोकरी करणारे असल्याने दर संध्याकाळी मुलांशी तासभर गोष्टी करत बसणे प्रत्येक घरात शक्य नसते, हेही कोणीतरी म्हणायला हवे. सगळीच ॲप टाकाऊ कशी असतील?

झेडपी_गुरुजी यांचे उत्तर

दोघींची_आई, आपले म्हणणे रास्त आहे. अक्षरओळख हे काम ॲपला जमण्यासारखे आहे, कारण ध्वनी ऐकणे आणि चिन्ह ओळखणे यांचा कंटाळा न करता सराव घेणे एवढेच तेथे अपेक्षित असते. फिनलंडमधील युवास्कुला विद्यापीठात तयार झालेला ‘ग्राफोगेम’ हा याच प्रकारचा खेळ आहे आणि त्यावर अनेक देशांत अभ्यास झाले. 2020 मधील एका आढाव्यात असे दिसले की एकूण सरासरी पाहता शब्दवाचनावर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य आहे, मात्र जेथे मोठी माणसे मुलांबरोबर बसून सहभागी झाली तेथे फायदा आढळला. त्यामुळे तासभर नको, पण मूल ॲप वापरत असताना शेजारी बसून भाजी निवडली आणि मधूनमधून ‘हे कोणते अक्षर?’ असे विचारले, तरी फरक पडावा असे मला वाटते.

मराठीबद्दल सांगायचे तर अनेक ॲप इंग्रजीच्या साच्यात मराठी अक्षरे भरून बनवलेली दिसतात. ‘अ अननसाचा’ म्हणत मूल चित्र ओळखते, अक्षर ओळखत नाही. आपल्या लिपीतील खरी अडचण स्वरचिन्हांची आणि जोडाक्षरांची आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि तिचा उच्चार नंतर होतो, हे ज्या ॲपमध्ये नीट उलगडून दाखवलेले नाही त्याचा पहिलीच्या वर्गाला उपयोग मर्यादित आहे. गुगलने 2019 साली ‘बोलो’ या नावाने हिंदी आणि इंग्रजीसाठी आणलेला वाचनसराव पुढे ‘रीड अलाँग’ या नावाने मराठीतही आला. मूल मोठ्याने वाचते आणि अडले तर मदत मिळते, ही त्यातील कल्पना मला आवडते. मात्र बोलणे ओळखणाऱ्या कोणत्याही यंत्राबाबत एक काळजी घ्यावी. आमच्याकडे मुले ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात, आणि ती चूक वाचनाची नसून घरच्या बोलीची आहे हे यंत्राला कळेलच असे नाही. साडेचार वर्षांच्या मुलासाठी मी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेचे ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुचवेन. तेथे मराठी चित्रगोष्टी विनामूल्य मिळतात, त्यात गुण नाहीत की बक्षिसे नाहीत, आणि वाचून दाखवायला मोठे माणूस लागते, हा मी त्याचा गुणच समजतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. कानांच्या तपासणीची वेळ घेतली आहे आणि मोफत मुदत संपण्याआधी त्या ॲपची वर्गणी रद्द केली आहे. आता एक नवी अडचण अशी की, जूनपासूनची शाळा घरच्या अभ्यासासाठी स्वतःचे ॲप देते आणि ते वापरणे बंधनकारक आहे, असे प्रवेशाच्या वेळी सांगितले गेले. अशा वेळी काय करावे?

वाचा_श्रवण

मग ते वापरा, पण तुमच्या अटींवर. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी पडद्याचा वेळ दिवसाला जास्तीत जास्त एक तास असावा आणि तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. शाळेचा अभ्यास या तासातच धरा, त्यावर वेगळा वेळ देऊ नका. एक खेळ संपल्यावर दुसरा आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, सूचनांचे आवाज बंद ठेवा आणि जेवताना व झोपण्याआधी फोन देऊ नका. शाळेला एवढे लेखी विचारा की मुलाची कोणती माहिती गोळा होते आणि ती कोणाकडे जाते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची अट आहे आणि मुलांना उद्देशून केलेल्या लक्ष्यित जाहिरातींना मनाई आहे. ऑडिओमेट्रीचा अहवाल आला की तो शाळेतील बाईंनाही दाखवा, कारण ऐकण्यात थोडी जरी कमतरता निघाली तरी त्याला पुढच्या बाकावर, बाईंचा चेहरा दिसेल असे बसवावे लागेल.