क्लासिक फ्रेंच टोस्टला ताजा मऊ ब्रेड नकोच, पटतंय का?

दालचिनी
परवा मैत्रिणीकडे नाश्त्याला फ्रेंच टोस्ट होता, वरून मस्त सोनेरी पण काटा घातला तर मधे नुसता लगदा, आणि अंड्याचा वास. ती बिचारी हिरमुसली, म्हणाली कुठे चुकलं सांग. मला विचाराल तर चूक एकच, ब्रेड. सकाळी आणलेला मऊ सँडविच ब्रेड, स्लाइस जेमतेम एक सेंमी जाड. तो आधीच ओला असतो हो, त्यात दूध-अंडं कुठे मावणार?

माझी पद्धत अशी. बेकरीत सांगून न कापलेला ब्रेड आणायचा, घरी दोन सेंमी जाड स्लाइस करायचे आणि रात्रभर जाळीवर उघडे ठेवायचे. विसरले तर ओव्हनमध्ये 150 डिग्रीला 10-12 मिनिटं, लाल नाही करायचे, फक्त कोरडे. 4 स्लाइसना 2 अंडी, पाऊण कप दूध, एक चमचा साखर, चिमूटभर मीठ, व्हॅनिला, दालचिनी. अंडी आधी साखर-मिठाबरोबर फेटायची आणि मग दूध, कारण पांढरं नीट मोडलं नाही तर ते ब्रेडमध्ये शिरतच नाही, वरच राहतं आणि तव्यावर त्याच्या चिंध्या होतात, ऑम्लेटसारखा वास येतो तो त्याचाच. प्रत्येक बाजू अर्धा-पाऊण मिनिट भिजवायची. बटरचा फेस बसला की स्लाइस टाकायचा, गॅस मध्यमच्या जरा खाली, एका बाजूला 3-4 मिनिटं.

ताज्या ब्रेडचा होतच नाही असं माझं ठाम मत आहे. कुणाचं वेगळं असेल तर सांगा.

खारी_बटर
माझं पूर्ण वेगळं आहे. आमच्याकडे फ्रेंच टोस्ट म्हणजे तिखटच, अंडी, हिरवी मिरची, कोथिंबीर, बारीक चिरलेला कांदा, हळद, मीठ, आणि ताजा पातळ ब्रेड पटकन बुडवून गरम तव्यावर. दूध घालतच नाही मग लगदा होईल कशाला? पहाटे सहाला डबा करणाऱ्या बाईला रात्री ब्रेड जाळीवर मांडून ठेवायला सांगणं मला पटत नाही. आईने शाळेच्या डब्यात वर्षानुवर्षं हाच दिला, दुपारी गार झालेला पण चांगला लागायचा. तो क्लासिक नाही असं कुणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

दालचिनी
खारी_बटर, तुमचा टोस्ट मलाही आवडतो, आमच्याकडे त्याला अंडा-ब्रेड म्हणतात. पण त्यात ब्रेडवर अंड्याचा थर बसतो आणि ह्यात अंडं-दूध ब्रेडच्या आत जाऊन सेट होतं, कॅरॅमल कस्टर्ड होतं ना तसं. दोन वेगळे पदार्थ आहेत, एक खरा आणि एक खोटा असं मी म्हणत नाहीये. दूध नसेल तर ताजा ब्रेड चालेल, हे मात्र मान्य, माझं वाक्य जरा जास्तच सरसकट झालं.

ल्योंहून
मी नऊ वर्षं फ्रान्समध्ये आहे म्हणून लिहिते. इथे ह्याला म्हणतात पँ पेर्द्यू, म्हणजे वाया गेलेला पाव. नावातच आलं सगळं. कालचा-परवाचा बॅगेट, म्हणजे इथला लांब पाव, जो दुसऱ्या दिवशी लाकडासारखा कडक होतो, तो फेकायचा नाही म्हणून दुधात भिजवायचा. त्यामुळे शिळा ब्रेड हा मुद्दा दालचिनीताईंचा शंभर टक्के बरोबर. पण अर्धा मिनिट? बॅगेट अर्ध्या मिनिटात आतून कोरडाच राहतो, माझ्या शेजारच्या आजी तो आधी निवांत दुधात भिजवतात, मग अंड्यात घोळवतात, मग बटरमध्ये. आणि बऱ्याच घरांत तो नाश्त्याला नसतो, जेवणानंतरचं गोड म्हणून किंवा चार वाजता मुलं शाळेतून आली की. मेपल सिरप वगैरे अमेरिकेकडचं, ह्या आजी फक्त साखर भुरभुरवतात.

आणि क्लासिक कुणाचा म्हणायचा? रोमन काळातल्या पाककृतींमध्येही दुधात भिजवून तळलेला पाव आहे, वर मध. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तोरिखास करतात, पोर्तुगालमध्ये नाताळात राबानादास. सगळ्यांचं मूळ एकच, उरलेला पाव वाया जाऊ द्यायचा नाही. त्या हिशोबाने मुद्दाम नवा ब्रेड आणून तो ओव्हनमध्ये वाळवणं मला उलटं वाटतं.

दालचिनी
हे वाचून थांबले थोडी. तुमचं बरोबर आहे, पण आमच्याकडे बॅगेट रोज येत नाही, आणि पिशवीतला ब्रेड शिळा झाला तरी वाळत नाही, चार दिवसांनी सरळ बुरशी धरतो. म्हणून वाळवावा लागतो.

नाशिककर
मग फ्रिजमध्ये ठेवा की, दोन दिवसांत कडक होतो. एवढा ओव्हन कशाला लावायचा?

दालचिनी
नाही ना, इथेच फसगत होते! फ्रिजमध्ये ब्रेड कडक होतो तो त्यातला स्टार्च घट्ट होतो म्हणून, पिशवीत असेल तर पाणी आतच राहतं. तव्यावर गरम केला की परत मऊ होतो बघा. आपल्याला पाणी जायला हवंय. ओव्हन नसेल तर कोरड्या तव्यावर अगदी बारीक गॅसवर दोन्हीकडून 3-3 मिनिटं, काम होतं.

ब्रून_मस्का
मुंबईत असाल तर ब्रून पाव घ्या, एवढी चर्चाच नको. वरून कडक, आतून जाळीदार, दुसऱ्या दिवशी तर आणखी छान. आडवा कापून दोन भाग करायचे आणि कापलेली बाजू खाली ठेवून दुधात बुडवायचे, मिश्रण त्या बाजूनेच आत जातं, कवच धरून ठेवतं. मऊ मिल्क ब्रेड मात्र नको, त्यात साखर असते म्हणून आतलं शिजायच्या आधीच वरून काळा पडतो. एक न पटलेली गोष्ट, नुसतं बटर जळतं, मी अर्धं तूप घालतो.

खारी_बटर
रविवार होता म्हणून आज दालचिनीच्या पद्धतीने करून बघितला, ब्रूनचा. खरं सांगते, आत खरवसासारखा थरथरत होता आणि कडा कुरकुरीत, मुलाने तीन खाल्ले. पण दालचिनी मला औषधासारखी लागते, मी जायफळ किसून घातलं, पुरणात घालतो तेवढंच, आणि अंड्याचा वास अजिबात आला नाही. डब्याला मात्र तिखटच करणार, ताज्या ब्रेडचा, त्यात बदल नाही. सासऱ्यांना शुगर आहे, त्यांच्यासाठी मिश्रणात साखर न घालता केला तर रंग येईल का?

दालचिनी
येईल, थोडा फिकट येईल. दुधाची स्वतःची साखर असते आणि बटरही रंग देतं. एक मिनिट जास्त ठेवा, गॅस वाढवू नका. जायफळ मी उद्याच घालून बघते.